एक्स्ट्रॅक्टरचा आकडा वारंवार तुटतो आहे: दोष सुट्या भागाचा की रायफलचा?

नेमधारी

माझ्याकडे एआर-१५ पद्धतीची अर्धस्वयंचलित रायफल आहे. चेंबर (काडतूस बसण्याची जागा) ५.५६ चे, बॅरल १६ इंची, गॅस प्रणाली (नळीतल्या गॅसने रायफल आपोआप चालवणारी) कार्बाइन लांबीची आणि बफर (मागे येणाऱ्या भागांना स्प्रिंगसह अडवणारे वजन) साधा, म्हणजे ३ औंसांचा आहे. वापर केवळ क्रीडा नेमबाजीसाठी होतो. बरीच वर्षे या रायफलने कसलीही तक्रार केली नाही. अलीकडे मात्र एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामी पुंगळी चेंबरमधून ओढून काढणाऱ्या भागाच्या, आकड्याचा एक कोपरा टवका उडून तुटू लागला आहे. पहिला तुटला तेव्हा त्याचे आयुष्य संपले असे मानून मी नवा बसवला. दुसरा मुद्दाम वेगळ्या उत्पादकाचा घेतला होता, पण तोही अपेक्षेच्या कितीतरी आधी गेला. एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग लवकर मऊ पडते, गॅस रिंगा, म्हणजे गॅस गळू न देणाऱ्या कड्या, लवकर झिजतात आणि रिकाम्या पुंगळ्या पूर्वी उजवीकडे, किंचित मागे पडत असत, त्या आता बऱ्याच पुढे जाऊन पडतात.

हल्लीचे सुटे भाग पूर्वीइतक्या चांगल्या पोलादाचे नसतात, असे माझे मत होत चालले आहे. उत्तम प्रतीचा एक्स्ट्रॅक्टर घेऊन हा प्रश्न सुटेल का, की आणखी काही तपासायला हवे?

पितळी_पुंगळी

नवा भाग मागवण्याआधी अलीकडच्या पुंगळ्यांची रिम, म्हणजे बुडाची कड, भिंगाखाली पाहा आणि जे दिसेल ते जसेच्या तसे इथे लिहा. एक्स्ट्रॅक्टरने काय सोसले याची नोंद त्या पितळावर उमटलेली असते.

भट्टीवाला

नेमधारी यांच्या मताशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. धातूंवरील उष्णतोपचार हा माझा व्यवसाय आहे आणि आकाराने अचूक, पण पाणी चुकीचे दिलेले भाग मी नेहमी पाहतो. एक्स्ट्रॅक्टर हा मोठा अवघड भाग आहे. त्याचा आकडा झिजू नये इतका कठीण हवा आणि प्रत्येक गोळीगणिक बसणारा झटका पचवेल इतका चिवटही हवा. कठिणपणा जास्त झाला तर टवका उडतो आणि कमी झाला तर कड गोलसर होऊन रिमवरून घसरते. त्यामुळे तुटलेले दोन्ही तुकडे टाकून देऊ नका. तुटीचा पृष्ठभाग तिरप्या उजेडात धरून भिंगातून पाहा.

संपूर्ण पृष्ठभाग एकसारखा खरखरीत आणि दाणेदार दिसला, तर तो भाग एका झटक्यात तुटलेला आहे. दाणे मोठे आणि चमकदार असतील, तर पोलाद ठिसूळ होते अशी शंका घ्यायला जागा आहे. याउलट एका कोपऱ्यापासून सुरू होणारा गुळगुळीत पट्टा दिसला, त्यावर ओहोटीच्या वेळी वाळूवर उमटतात तशा एकामागोमाग वक्र रेषा असल्या आणि शेवटी थोडासाच भाग खरखरीत असला, तर तो धातूच्या थकव्याने गेला आहे. म्हणजे चीर आधीच पडली होती, ती प्रत्येक गोळीला थोडी थोडी पुढे सरकत होती आणि उरलेला भाग अखेरीस एकदम तुटला. या दोन प्रकारांची कारणे वेगळी असतात आणि म्हणून उपायही वेगळे करावे लागतात.

चापकळ

एआरमध्ये एक्स्ट्रॅक्टर, त्याची स्प्रिंग आणि गॅस रिंगा हे झिजण्यासाठीच असलेले भाग आहेत. मोटारीचे ब्रेक पॅड आपण झिजले की बदलतो, त्यांच्यावर संशोधन करत नाही. सुटे भाग जवळ ठेवा, ठरावीक गोळ्यांनंतर संच बदला आणि सराव चालू ठेवा. शक्य असेल तर काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) सोडण्याची सवयही बंद करा. आकडा त्यामुळे रिमवरून उडी मारतो आणि तुटतो.

गेज_आणि_कंपास

चापकळ, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याबाबत एक दुरुस्ती करणे आवश्यक आहे. माउझर ९८ किंवा १९११ पिस्तूल यांसारख्या रचनांमध्ये मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची रिम आकड्याखाली सरकत जाते, त्यामुळे तिथे हाताने काडतूस टाकणे आकड्याला खरोखरच घातक ठरू शकते. एआरमध्ये काडतूस मॅगझिनमधून आले तरी ते आधी चेंबरमध्ये ढकलले जाते आणि बोल्ट पूर्ण पुढे आल्यावर आकडा रिमवरून उडी मारूनच बसतो. ती उडी रचनेतच गृहीत धरलेली आहे, त्यामुळे नेमधारी यांच्या अडचणीचे मूळ तिथे नसावे.

पहिल्या मुद्द्याशी तर मी अजिबात सहमत नाही. भाग झिजणार हे मान्य आहे, पण तो वेळेच्या फार आधी झिजला तर त्याच्यावर जादा भार कोणी टाकला हे शोधायलाच हवे. नेमधारी यांनी चार लक्षणे एकत्र लिहिली आहेत: आकडा, त्याची स्प्रिंग, गॅस रिंगा आणि पुढे फेकल्या जाणाऱ्या पुंगळ्या. चार वेगवेगळे भाग एकाच काळात निकृष्ट निघाले असे मानण्यापेक्षा या चौघांना एकत्र बांधणारे एखादे कारण शोधणे मला अधिक सयुक्तिक वाटते, आणि असे कारण उघड दिसते आहे. रायफलला गरजेपेक्षा जास्त गॅस मिळतो आहे आणि बोल्ट लवकर उघडतो आहे.

यामागची क्रिया थोडी सविस्तर सांगतो. गोळी सुटताना चेंबरमधला दाब प्रचंड असतो. .२२३ रेमिंग्टन या ५.५६ शी मिळत्याजुळत्या काडतुसासाठी सामी या अमेरिकी मानक संस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा प्रति चौरस इंच ५५,००० पौंड इतकी आहे. या दाबाने पितळी पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. गोळी नळीतून बाहेर पडल्यावर दाब कोसळतो, पितळ थोडे आकसते आणि पुंगळी सैल होते. बोल्ट यानंतर उघडला, तर आकड्याला ती जवळजवळ मोकळीच मिळते. तो थोडा आधी उघडला, तर आत दाब शिल्लक असतो, पुंगळी भिंतीला धरून असते, आणि कॅरियरचा, म्हणजे बोल्टला मागेपुढे नेणाऱ्या भागाचा, सारा वेग त्या इवल्याशा आकड्याच्या कडेवर येऊन पडतो. कार्बाइन लांबीच्या प्रणालीत गॅसचे छिद्र चेंबरच्या जवळ असल्यामुळे तिथला दाब रायफल लांबीच्या प्रणालीपेक्षा मुळातच जास्त असतो. त्यात छिद्र मोठे असेल, तर ही घाई आणखी वाढते.

सायंतारा

पण मग पहिली बरीच वर्षे काहीच का झाले नाही? छिद्र तर पहिल्या दिवसापासून तेवढेच होते.

गेज_आणि_कंपास

छिद्र तेवढेच राहत नाही. उष्ण गॅस आणि न जळलेल्या दारूचे कण त्याची आतली कड सतत खात असतात, विशेषतः बॅरल फार तापेपर्यंत गोळीबार केला तर. कार्बाइन गॅसच्या १६ इंची बॅरलला साधारण ०.०६३ इंच, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर व्यासाचे छिद्र पुरते. बरेच उत्पादक सौम्य काडतुसांवरही रायफल चालावी म्हणून ते आधीच मोठे पाडतात. त्यात धूप जमा होत जाते. दुसऱ्या बाजूला बफरची स्प्रिंग वापरागणिक आखूड होते. दोन्ही बदल इतके सावकाश होतात की मालकाला ते जाणवत नाहीत, आणि त्यांचा परिणाम सर्वांत आधी सर्वांत लहान भागावर दिसतो.

चापकळ

हाताने काडतूस टाकण्याबाबतची दुरुस्ती मान्य. मात्र बदलण्याचे वेळापत्रक असावे, हे माझे मत कायम आहे.

जुना_शस्त्रागार

माझी नोकरी शस्त्रदुरुस्तीच्या कार्यशाळेत गेली. झीज एका जागी दिसावी आणि कारण भलतीकडेच असावे, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणून मी नव्या मुलांना एम१ गारंडचा ऑपरेटिंग रॉड दाखवत असे. ही रायफल १९३६ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारली. तिचे गॅसचे छिद्र नळीच्या पार टोकाजवळ आहे आणि तिथून बोल्टपर्यंत एक लांब, बाक दिलेला रॉड जातो. काडतुसात सावकाश जळणारी दारू भरली, तर चेंबरमधला दाब मर्यादेतच राहतो, पण टोकाजवळच्या छिद्रापाशी तो बराच जास्त उरतो आणि त्या धक्क्याने रॉड वाकतो. अशा वेळी रॉड कितीही वेळा बदलला तरी काय उपयोग? बदलायची असते ती काडतुसातली दारू.

एम१६ चे १९६० च्या दशकातले हालही बरेचसे याच जातीचे होते. आयएमआर या नळकांडी कणांच्या दारूवर घडवलेल्या त्या रायफलला पुढे बॉल पावडरची, म्हणजे गोल कणांच्या दारूची, काडतुसे पुरवली गेली, तिचा गोळीबाराचा वेग वाढला, काजळी वाढली आणि पुंगळ्या चेंबरमध्ये अडकू लागल्या. अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीने १९६७ मध्ये त्याची चौकशी केली. पुढे बफर बदलला गेला आणि चेंबरला क्रोमचा मुलामा देण्यात आला. नेमधारी, म्हणून माझा पहिला प्रश्न असा आहे की तुमच्या तक्रारी सुरू झाल्या त्याच सुमारास तुम्ही काडतुसे बदलली होती का?

एफएएल आणि तिच्या कुळातल्या एसएलआर रायफलला फिरवता येणारा गॅस रेग्युलेटर असतो, याचे मोल अशा वेळी कळते. गॅस इतका कमी करायचा की रायफल नीट चालेनाशी होईल, मग टप्प्याटप्प्याने वाढवत ती खात्रीने चालू लागेल तिथे यायचे आणि काजळीसाठी राखीव म्हणून आणखी एक-दोन टप्पे द्यायचे. गॅस लागेल तितकाच द्यावा, हे त्या रचनेतच शिकवलेले आहे. साध्या एआरमध्ये ती सोय नसते, म्हणून तिथे मोजमाप करून निर्णय घ्यावा लागतो.

मापात_पाप_नको

मोजमापाचा विषय निघालाच आहे, तर काही ठोस गोष्टी सांगतो. सर्वांत आधी मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने चाचपून रिकामे असल्याची खात्री करा आणि काम करता त्या टेबलावर एकही जिवंत काडतूस ठेवू नका.

कार्बाइन बफरची स्प्रिंग बाहेर काढून मोकळी ठेवून मोजा. ती १० १/१६ ते ११ १/४ इंच, म्हणजे सुमारे २५६ ते २८६ मिलिमीटर असायला हवी. किमान मर्यादेखाली गेली असेल तर ती बाद समजा. रायफल लांबीच्या बफरची मर्यादा वेगळी, ११ ३/४ ते १३ १/२ इंच आहे, त्यामुळे दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका.

गॅस रिंगांसाठी बोल्ट कॅरियरमधून पूर्ण पुढे ओढा आणि कॅरियर बोल्टच्या तोंडावर उभा करा. कॅरियर स्वतःच्या वजनाने खाली घसरला तर रिंगा संपल्या आहेत. तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत आल्या की रायफल अडते असे अनेक जण सांगतात, पण त्याने व्यवहारात फारसा फरक पडत नाही.

गॅसचे छिद्र मोजण्यासाठी त्यावरचा गॅस ब्लॉक उतरवून पिन गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या मोजपिना, वापरा. पिन हलकेच आत जायला हवी. जोर लावून घुसवली तर छिद्राची कड खराब होते आणि मिळालेले मापही खोटे असते.

विद्युतरोधी

स्प्रिंग आखूड झाल्यामुळे बोल्ट लवकर उघडतो, असा सूर वर लागला आहे. तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर नाही. बोल्ट उघडण्याच्या पहिल्या क्षणी स्प्रिंगचा विरोध गॅसच्या बळापुढे नगण्य असतो. तो क्षण पुढे ढकलतो तो कॅरियर आणि बफर यांचा एकत्रित भार, कारण जड वस्तूला वेग घ्यायला जास्त वेळ लागतो. थकलेल्या स्प्रिंगचे दुष्परिणाम नंतर दिसतात. बफर मागच्या टोकावर जोरात आदळतो आणि बोल्ट पुढे येताना त्याचा जोर कमी पडतो. म्हणून आकड्याचा प्रश्न केवळ नव्या स्प्रिंगने सुटेल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. साधा बफर सुमारे ३ औंसांचा असतो, एच प्रकारचा ३.८ आणि एच२ प्रकारचा ४.६ औंसांच्या आसपास. आकड्यावरचा ताण कमी करण्यासाठी मी आधी तिकडे पाहीन.

गेज_आणि_कंपास

ही दुरुस्ती योग्य आहे. स्प्रिंग आणि छिद्र यांची मी एका दमात सांगड घातली, त्यातून तसा अर्थ निघू शकत होता.

लहान_नळी

विषय .२२ रिमफायरकडे थोडा नेतो, कारण तिथे हेच दुखणे वेगळ्या कारणाने होते. रुगर १०/२२ ही रायफल १९६४ पासून बाजारात आहे आणि तिच्यात गॅस प्रणालीच नाही, बोल्ट साध्या ब्लोबॅकने, म्हणजे पुंगळीच्याच धक्क्याने, मागे येतो. तिथे आकड्याखाली मेण, शिसे आणि काजळी यांचा थर साचतो, आकडा पूर्ण बसत नाही, रिमची केवळ किनार पकडतो आणि मग तेवढीच कड झिजते. मागच्या बाजूला बोल्ट एका पोलादी पिनवर आदळतो. ती आदळआपट कमी व्हावी म्हणून बरेच जण तिथे पॉलिमरची पिन बसवतात. तेव्हा नेमधारी, आकडा बदलताना त्याची खाच टोकदार काडीने कोरून स्वच्छ करा आणि पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर दाबून पाहा. त्याच्या भोकात पितळेचा कीस अडकला असेल तर तो दाबल्यावर कुरकुरतो आणि सावकाश वर येतो.

नवनीतकण

भरलेली मॅगझिन तशीच ठेवल्याने स्प्रिंग मऊ पडते का?

भट्टीवाला

योग्य रचनेच्या आणि नीट उपचार केलेल्या स्प्रिंगला मर्यादेच्या आत दाबून ठेवल्याने फारसे काही होत नाही. ती थकते ती पुन:पुन्हा दाबली-सुटली गेल्याने, मर्यादेबाहेर दाबली गेल्याने किंवा जास्त तापल्याने. एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग आकाराने इवलीशी आहे आणि ती चेंबरजवळच्या उष्णतेत काम करते, म्हणून ती आधी जाते.

नेमधारी

सर्वांचे मनापासून आभार. तपासणी पूर्ण झाली आहे, निरीक्षणे क्रमाने देतो.

जुना_शस्त्रागार यांच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. काडतुसे पूर्वीचीच आहेत. रिमवर आकड्याने ओढल्याची खोल खूण आहे आणि काही पुंगळ्यांची रिम त्या जागी किंचित मागे वाकलेली आहे. पुंगळीच्या बुडावर इजेक्टरच्या भोकाचा गोल ठसा आणि त्याला लागून एक चकाकणारा पुसट फराटा आहे, म्हणजे बोल्ट फिरू लागला तेव्हा पितळ अजून दाबाखाली होते.

बफरची स्प्रिंग किमान मर्यादेपेक्षा आखूड निघाली. कॅरियर बोल्टवर उभा करताच खाली बसला. गॅसचे छिद्र १.६ मिलिमीटरपेक्षा स्पष्टपणे मोठे आहे आणि भिंगातून त्याची आतली कड गोलसर झालेली दिसते.

पहिल्या आकड्याच्या तुटीवर भट्टीवाला यांनी वर्णन केलेल्या वक्र रेषा अगदी स्पष्ट दिसल्या. दुसऱ्याची तूट मात्र पूर्णपणे दाणेदार आणि चमकदार आहे.

भट्टीवाला

मग दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिला भाग चांगला होता, तो जादा भाराने थकून गेला. दुसरा मुळातच ठिसूळ होता आणि तोच भार त्याला फार काळ सोसता आला नाही. दुसऱ्याच्या टाकाऊ तुकड्यावर कानस घासून पाहा. ती न धरता घसरत असेल तर कठिणपणा प्रमाणाबाहेर आहे, या शंकेला बळ मिळेल. मात्र वापरात येणाऱ्या कोणत्याही भागावर कानस लावू नका. आकड्याला घासून आकार देणे म्हणजे नव्या चिरेला जागा करून देणे आहे.

जुना_शस्त्रागार

नेमधारी, एक तपासणी राहिली आहे आणि ती मी सर्वांत महत्त्वाची मानतो. ज्या भाराने आकडे तुटले तो भार बोल्टनेही सोसला आहे. एआरच्या बोल्टला सात लग, म्हणजे बॅरलमागे अडकून बोल्ट बंद ठेवणारे दात, असतात आणि आठव्या जागी एक्स्ट्रॅक्टर बसतो. त्या जागेमुळे शेजारच्या दोन लगांना आधार कमी मिळतो, म्हणून तडा बहुधा तिथून सुरू होतो. दुसरी कमकुवत जागा बोल्ट फिरवणाऱ्या कॅम पिनच्या भोकापाशी आहे, कारण तिथे धातू सर्वांत कमी उरतो. बोल्ट तेल-काजळीविरहित करून या दोन्ही जागांवर चिरेत शिरणारा भेदक रंग लावा, पुसा आणि तो रंग वर ओढणारा डेव्हलपर फवारा. केसासारखी रेषा उमटली तरी बोल्ट बाद करा.

चाप, हॅमर आणि डिस्कनेक्टर (एका ओढीत एकच गोळी सुटू देणारा भाग) यांच्या कडाही केवळ डोळ्यांनी पाहून घ्या. एकदा चाप ओढल्यावर रायफल दोनदा उडाली किंवा चाप सोडताना उडाली, तर त्याच क्षणी ती वापरातून काढून परवानाधारक शस्त्रकारागिराकडे द्या. त्या भागांवर घरी कोणताही प्रयोग करू नये.

नेमधारी

एक्स्ट्रॅक्टरलगतच्या एका लगच्या मुळाशी लाल रेषा उमटली. नखाला ती जाणवतही नाही. तो बोल्ट बाजूला काढला आहे आणि तो चुकून पुन्हा वापरला जाऊ नये म्हणून त्यावर ठळक खूण केली आहे. नवा बोल्ट, नव्या गॅस रिंगा, नवी बफर स्प्रिंग आणि एच२ बफर घेतो आहे. चाप-हॅमरच्या कडा स्वच्छ आहेत. छिद्र मोठे झालेले असल्यामुळे फिरवता येणारा गॅस ब्लॉकही लावावा का?

विद्युतरोधी

एकाच वेळी सगळे बदलू नका, नाहीतर कशाचा उपयोग झाला ते कळणार नाही. आधी बोल्ट, रिंगा, स्प्रिंग आणि बफर बदलून पुंगळ्या कुठे पडतात आणि रिमवर खूण किती उमटते ते पाहा. पुंगळ्यांची दिशा इजेक्टरच्या स्प्रिंगवर आणि पुंगळी वळवणाऱ्या डिफ्लेक्टरवरही अवलंबून असते, म्हणून रिमवरच्या खुणेला जास्त महत्त्व द्या. रिकाम्या मॅगझिनवर शेवटच्या गोळीनंतर बोल्ट खात्रीने मागे थांबला पाहिजे. तो थांबत असेल आणि रिम तरीही वाकत असेल, तरच गॅस ब्लॉकचा विचार करा.

गेज_आणि_कंपास

आणि नवा बोल्ट जुन्या बॅरलमध्ये पहिल्यांदा बसवाल तेव्हा गोळी झाडण्याआधी हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपासून काडतूस चेंबरमध्ये टेकते तिथपर्यंतचे अंतर, तपासून घ्या. किमान मापाच्या गो गेजवर बोल्ट पूर्ण बंद झाला पाहिजे आणि कमाल मापाच्या नो-गोवर होता कामा नये. गेज लावताना बोल्टमधून इजेक्टर आणि एक्स्ट्रॅक्टर दोन्ही काढून ठेवा, कारण इजेक्टरची स्प्रिंग गेजला ढकलत राहते आणि बोटाला लागणारा अंदाज बिघडतो. गेज जवळ नसेल तर शस्त्रकारागिराकडून तपासून घ्या.